बिग हाऊस, खासबाग आणि आबांची वीत

कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल काय असतं ते कुणी सांगायला लागत नाही. आमचं घर मंगळवार पेठेत, त्यामुळे शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबाची मॅच असली की शाळेतनं घरी न येता थेट तिकडंच जायचं, आणि रात्री जेवताना आबांबरोबर मॅच परत पहिल्यापासून बोलायची, हे मी लहानपणापासून केलंय. म्हणून २०१३ च्या ऑगस्टमध्ये एमएससाठी मिशिगन युनिव्हर्सिटीत, ॲन आर्बरला आलो आणि पहिल्याच आठवड्यात एका सीनियरनं विचारलं, "फुटबॉलचं सीझन तिकीट घेतलंस का?" तेव्हा मी लगेच हो म्हणालो. नंतर कळलं की हा आपला फुटबॉल नाही, हातात बॉल घेऊन पळायचा त्यांचा फुटबॉल आहे. पण तोपर्यंत तिकिटाचे पैसे भरले होते. आज मागं वळून बघताना वाटतं, बरं झालं भरले.

तिकिटाचं सांगतो कारण त्या वर्षी नियम नवीन होता. आधी स्टुडंट सेक्शनमध्ये जुन्या विद्यार्थ्यांना चांगल्या जागा मिळायच्या, २०१३ ला ठरवलं की जो आधी येईल तो पुढं बसेल. जुन्या पोरांना ते अजिबात पटलं नव्हतं आणि पुढच्या वर्षी तो नियम बदललाही, पण माझ्यासारख्या नव्या माणसाला त्या एका वर्षात लवकर उठून लाईनीत उभं राहिलं की पुढची जागा मिळायची. आणि लाईनीत उभं राहायची सवय आपल्याला आहेच.

पहिली मॅच सेंट्रल मिशिगनबरोबर होती, ती ५९-९ अशी एकतर्फी झाली आणि मला त्यातलं काही समजलं नाही. माझी खरी पहिली मॅच म्हणजे त्याच्या पुढचा शनिवार, ७ सप्टेंबर २०१३, नोत्र दामविरुद्ध, रात्री ८ ला. मिशिगन स्टेडियमवर, म्हणजे सगळे ज्याला बिग हाऊस म्हणतात तिथं, रात्रीची मॅच ही तेव्हा खूप मोठी गोष्ट होती. १९२७ ला स्टेडियम उघडलं आणि पहिली रात्रीची मॅच झाली २०११ ला, म्हणजे ८४ वर्षं सगळं दिवसाउजेडीच चाललं होतं. कायमचे लाईट २०१० च्या बांधकामात लागले. २०११ ला पण समोर नोत्र दामच होतं. ही दोन कॉलेजं म्हणजे आपल्याकडच्या दोन पेठांसारखीच, त्यात गंमत अशी की नोत्र दामच्या पोरांना हा खेळ शिकवला तोच मुळी मिशिगनच्या पोरांनी, १८८७ साली तिकडं जाऊन. शिकवलेला चेला अंगावर आला की वस्तादाची काय अवस्था होते ते तालमीत वाढलेल्या माणसाला सांगायला नको.

रूममेट नागपूरचा, त्याला इथं एक वर्ष झालेलं. त्यानं मला आदल्या रात्री खेळ समजावला. दहा यार्ड पुढं जायला चार संधी, नाही जमलं तर बॉल समोरच्याला. मी म्हटलं म्हणजे कबड्डीसारखं, शिरायचं आणि घेता येईल तेवढं घेऊन यायचं, तो म्हणाला अगदी तसंच नाही पण उद्यापुरतं तेवढं धर. मग त्यानं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगितली, कधी ओरडायचं आणि कधी गप्प बसायचं. आपल्याकडं आपली टीम चढाईला आली की आपण बोंबलतो, इथं उलटं. आपला क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा खेळाडू, बॉल घेऊन उभा असला की शांत राहायचं कारण त्याला आपल्या पोरांना ओरडून खुणा द्यायच्या असतात, आणि समोरच्याचा असला की एवढा दंगा करायचा की त्याला स्वतःचा आवाज ऐकू येऊ नये. म्हणजे प्रेक्षक नुसता बघायला नसतो, त्याला काम असतं. हे ऐकलं आणि मला हा खेळ आवडायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारीच आम्ही निघालो. आम्ही राहायचो नॉर्थ कॅम्पसला, तिथनं बसनं सेंट्रल कॅम्पस आणि पुढं स्टेट स्ट्रीटनं चालत. हे चालणं म्हणजे अर्धी मॅच. सगळं गाव एकाच दिशेनं निघालेलं असतं, म्हातारी माणसं, कडेवर पोरं घेतलेले आईबाप, आणि सगळ्यांच्या अंगावर एकच पिवळा रंग. ते त्याला मेझ म्हणतात, मक्याच्या दाण्याचा पिवळा. मला मात्र पट्टणकोडोलीची यात्रा आठवली, तिथं भंडारा उधळला की माणसं, रस्ता, देऊळ सगळं एका रंगाचं होतं, तसंच.

वाटेत फेरी फील्ड लागतं. मी आलो तेव्हा तिथं ट्रॅक होता, पण बिग हाऊस व्हायच्या आधी फुटबॉल इथंच व्हायचा. आणि २५ मे १९३५ ला याच जागेवर जेसी ओवेन्सनं पाऊण तासात तीन जागतिक विक्रम मोडले आणि चौथ्याची बरोबरी केली. तिथं त्याची पाटी आहे. मी पाटी वाचत उभा राहिलो आणि रूममेट म्हणाला चल, जागा जाईल. त्यानंतर तिथनं जाताना प्रत्येक वेळी मी त्या पाटीला हात लावून जातो.

स्टेडियमच्या जवळच्या गल्ल्यांमध्ये घरवाले आपापल्या अंगणात गाड्या लावायला देतात, पुठ्ठ्यावर हातानं रेट लिहून रस्त्यावर उभे राहतात. समोरच्या गोल्फ कोर्सवर तर गाड्याच गाड्या, प्रत्येक गाडीमागं शेगडी, टेबल, खुर्च्या, पिढ्यानपिढ्या तीच माणसं त्याच जागी येतात म्हणे. एका काकांनी आम्हाला ओळख ना पाळख, थांबवून खायला घातलं. मी नवीन आहे म्हटल्यावर त्यांनी मला विचारलं, आत गेलायस का आधी? मी म्हटलं मागच्या आठवड्यात गेलो होतो पण उशिरा, घाईत. ते म्हणाले आज आत शिरताना पायरीवर एक मिनिट थांब.

पण त्याआधी गेटवर माझी पंचाईत झाली. माझ्या पाठीवर सॅक होती, त्यात जॅकेट, पाण्याची बाटली आणि डबा. तेव्हा तिथं बॅग आत न्यायला अजिबात परवानगी नव्हती, मागच्या आठवड्यात मी मोकळ्या हातानंच गेलो होतो म्हणून मला ते माहीतच नव्हतं. लाईनीतला नंबर जवळ आलेला, रूममेटला म्हटलं तू हो पुढं, आणि मी उलटा पळत सुटलो. खोलीवर जाऊन यायचं म्हणजे दीड तास. मगाशी ज्या गल्लीतनं आलो तिथं एका आजींच्या अंगणात गाड्या लागत होत्या, त्यांना विचारलं, बॅग ठेवू का. त्यांनी एक शब्द न विचारता पोर्चमधल्या खुर्चीवर ठेवायला सांगितली आणि म्हणाल्या, पळ, बँड चुकवू नकोस.

आता आत शिरतानाचं सांगतो. यासाठीच तर लिहायला बसलो.

बाहेरनं मिशिगन स्टेडियम एवढं मोठं वाटत नाही. पूर्व आणि पश्चिम बाजूला विटांच्या उंच इमारती आहेत, पण त्या २०१० च्या, महागड्या बॉक्सच्या. त्या सोडल्या तर रस्त्यावरनं जाणाऱ्याला पटणार नाही की इथं लाखावर माणूस बसतो. कारण स्टेडियमचा तीन-चतुर्थांश भाग जमिनीखाली आहे. तुम्ही रस्त्याच्या पातळीवरनं सरळ चालत आत जाता, बोळकांडीतनं पुढं येता, आणि एकदम पायाखालची जमीन संपते. समोर ही एवढी मोठी परात. हिरवं मैदान खोल खाली, आणि चारी बाजूंनी माणसं त्याच्याकडं उतरत गेलेली, नव्वदच्या वर ओळी, मध्ये एक खांब नाही, भिंत नाही, छत नाही.

मी त्या काकांचं ऐकून थांबलो, आणि मला धाप लागलेली असतानाच हसायला आलं, कारण ही जागा मी ओळखत होतो. हे खासबाग होतं.

ज्यांनी खासबाग बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. शाहू महाराज १९०२ ला सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले तेव्हा त्यांनी रोमचं जुनं मैदान बघितलं, आणि परत येऊन कोल्हापुरात कुस्तीसाठी मैदान बांधलं, ते १९१२ ला पूर्ण झालं. मध्ये हौदा, आणि त्याच्याभोवती उताराची बैठक, अशी की सगळ्यात मागं बसलेल्या माणसालाही हौद्यातली पकड दिसली पाहिजे. आबा मला खांद्यावर घेऊन तिथं न्यायचे आणि म्हणायचे, "हितं कुठंबी बस, पैलवान दिसतोयच." बिग हाऊसमध्ये मी पहिल्यांदा खाली बघितलं तेव्हा डोक्यात हेच वाक्य आलं. कुठंबी बस, दिसतंयच.

हे खणलं फील्डिंग योस्ट नावाच्या माणसाच्या हट्टानं. ही सगळी माहिती मी नंतर वाचली, नॉर्थ कॅम्पसलाच बेंटली लायब्ररी आहे तिथं युनिव्हर्सिटीचा सगळा जुना इतिहास ठेवलाय, थंडीत अभ्यासाचा कंटाळा आला की मी तिथं जाऊन बसायचो. योस्ट १९०१ ला कोच म्हणून आला आणि पुढं सगळ्या खेळांचा प्रमुख झाला. फेरी फील्ड पुरेना म्हणून त्यानं येल कॉलेजचं परातीसारखं स्टेडियम डोळ्यासमोर ठेवून हे काढलं. पैसे उभे करायला ५०० डॉलरचा एक असे ३,००० रोखे विकले, रोखा घेणाऱ्याला सीझन तिकिटाचा हक्क. १९२६ ला खणायला सुरुवात, आणि १ ऑक्टोबर १९२७ ला पहिली मॅच, ओहायो वेस्लियनविरुद्ध ३३-०. खर्च साडेनऊ लाख डॉलर. जागा पाणथळ होती, खाली झरे होते, आणि अजून लोक सांगतात की खणताना एक क्रेन चिखलात रुतली ती निघालीच नाही, आजही खालीच आहे. खरं खोटं कुणास ठाऊक, पण प्रत्येक जुन्या मैदानाखाली काहीतरी पुरलेलं असतं असं लोकांना वाटतंच.

योस्टची दूरदृष्टी अशी की बांधलं ७२,००० लोकांसाठी, पण पाया मात्र पुढं लाखाच्या वर माणूस बसेल असा घालून ठेवला. लोक तेव्हा म्हणाले असतील, कोण येणार एवढं. १९५६ ला क्षमता झाली १,०१,००१. तो शेवटचा एक का, तर ती एक जास्तीची सीट फ्रिट्झ क्रिस्लर यांच्या नावाची. ते आधी कोच, मग प्रमुख, टीमच्या हेल्मेटवरची ती पंखांची पिवळी नक्षी मिशिगनला त्यांनीच आणली. ती सीट नेमकी कुठली ते कुणाला माहीत नाही, पण तेव्हापासून क्षमतेचा आकडा नेहमी एकवर संपतो, आज १,०७,६०१ आहे. मला ही गोष्ट फार आवडते. माणसाचा पुतळा उभा करण्यापेक्षा लाख माणसांत त्याला एक जागा ठेवायची, आणि कुठली ते सांगायचं नाही, म्हणजे कुठल्याही सीटवर बसताना ती त्यांची असू शकते.

पण त्याच कागदांमध्ये एक गोष्ट सापडली जी वाचून मी त्या दिवशी लवकर खोलीवर आलो. १९३४ ला मिशिगनकडं विलिस वॉर्ड नावाचा कृष्णवर्णीय खेळाडू होता, अतिशय चांगला. जॉर्जिया टेकची टीम इथं खेळायला येणार होती आणि ते म्हणाले काळा खेळाडू असेल तर आम्ही मैदानात उतरणार नाही. आणि योस्टच्या काळातल्या मिशिगननं ते मान्य केलं. स्वतःच्या मैदानावर स्वतःच्या खेळाडूला बसवलं. वॉर्डचा मित्र आणि टीममधला जोडीदार जेराल्ड फोर्ड, जे पुढं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, ते म्हणाले मग मीपण खेळत नाही. शेवटी ते खेळले, मिशिगन ९-२ नं जिंकलं, आणि त्या अख्ख्या सीझनमधला तो एकच विजय. मला सारखं आठवत होतं ते १९०२ साल. त्याच वर्षी एक जानेवारीला योस्टच्या टीमनं पहिली रोझ बोल, म्हणजे कॅलिफोर्नियात नववर्षाला होणारी मोठी मॅच, जिंकली, आणि त्याच वर्षी २६ जुलैला विलायतेत असतानाच शाहू महाराजांचा पन्नास टक्के आरक्षणाचा हुकूम निघाला. दोघांनीही सगळ्यांना दिसेल असं मैदान बांधलं. पण मैदानात कोण उतरणार याचा विचार आमच्या महाराजांनी आधी केला, आणि याचा मला कोल्हापूरचा म्हणून अभिमान आहे. बिग हाऊसवर माझा जीव आहे म्हणूनच ही गोष्ट गाळून मला त्याच्याबद्दल लिहिता येत नाही.

तर परत त्या रात्रीवर येतो. रूममेटनं माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. जागा म्हणजे काय, ॲल्युमिनियमचा लांबच लांब बाक आणि त्यावर रंगवलेले नंबर. दोन नंबरांच्या मध्ये जेवढं अंतर तेवढे तुम्ही. पण स्टुडंट सेक्शनमध्ये कुणी बसतच नाही, चार तास सगळे बाकावर उभे, शेजारच्याचा खांदा तुमच्या खांद्यात अडकलेला.

आणि मग बँड आला. पूर्वेच्या बाजूला मधोमध एकच बोगदा आहे, दोन्ही टीम आणि बँड सगळे तिथनंच येतात. जवळपास ४०० पोरं-पोरी त्या अरुंद तोंडातनं गुडघे छातीपर्यंत उचलत पळत बाहेर येतात, एकाचाही पाय चुकत नाही. सगळ्यात पुढचा ड्रम मेजर डोक्यावरची उंच टोपी काढतो, आणि उभ्या उभ्या मागं वाकत जातो, वाकत जातो, डोकं मागं जमिनीला टेकेपर्यंत, आणि अख्खं स्टेडियम श्वास धरून बघत असतं. टेकलं की जो आवाज होतो! तालमीत मुलगा पहिल्यांदा नीट पूल मारतो तेव्हा वस्ताद जसा "हां!" म्हणतो ना, तसा, फक्त लाख माणसांचा. मग 'द व्हिक्टर्स' हे त्यांचं गाणं, १८९८ पासूनचं, आणि सगळ्यांच्या मुठी एका वेळी वर. मग मधोमध निळं बॅनर धरतात आणि टीम बोगद्यातनं पळत येऊन उडी मारून त्याला हात लावून जाते, १९६२ पासून असंच.

सूर्य अगदी तेव्हाच मावळला होता. वर आकाश जांभळं आणि लाईटमध्ये ती हिरवी परात. फोन काढला तर नेटवर्क गायब, एवढी माणसं एका जागी म्हटल्यावर गायबच होणार. मग फोन खिशात ठेवला तो परत काढलाच नाही.

आमचा क्वार्टरबॅक डेविन गार्डनर. त्या दिवशी तो ९८ नंबर घालून उतरला, हा नंबर टॉम हार्मन यांचा, १९४० सालातला त्यांचा सगळ्यात मोठा खेळाडू, आणि हा नंबर इतकी वर्षं कुणाला दिला नव्हता. शेजारचा एक आजोबांच्या वयाचा माणूस, स्टुडंट सेक्शनमध्ये कसा आला कुणास ठाऊक, तो नंबर बघून रडत होता. टचडाऊन म्हणजे बॉल समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, नेणं. गार्डनरनं चार टचडाऊन फेकले, त्यातले तीन जेरेमी गॅलननं घेतले, अंगानं छोटा पण असा निसटायचा की धरणाऱ्याच्या हातात नुसती हवा.

आणि चौथ्या क्वार्टरमध्ये गार्डनर स्वतःच्या एंड झोनमध्ये सापडला, कुणीतरी त्याला धरलेलं, पडता पडता त्यानं बॉल सोडला आणि तो नोत्र दामच्या खेळाडूच्या हातात. टचडाऊन. लाख माणसं एका क्षणात गप्प. मी आयुष्यात एवढी शांतता ऐकली नव्हती, आणि ऐकली हाच शब्द बरोबर आहे, कारण लांबच्या कोपऱ्यातला त्यांचा छोटासा घोळका तेवढा ओरडताना ऐकू येत होता. मग त्यांनी अजून एक फील्ड गोल मारला, म्हणजे पायानं बॉल खांबांमधनं घालवून तीन पॉईंट घेतले, ३४-३०. आता नुसता चार पॉईंटचा फरक.

इथं मला कळलं प्रेक्षकाचं काम म्हणजे काय. महत्त्वाचा डाव आला की मिशिगनची माणसं खिशातनं किल्ल्या काढून वर धरून हलवतात. माझ्या जुडग्यात खोलीची एक किल्ली, सायकलच्या कुलपाची एक, आणि कोल्हापूरच्या घराची एक, आईनं येताना दिलेली, अंबाबाईच्या फोटोच्या किचेनमध्ये. मी ती वर धरून हलवत होतो आणि माझ्या आजूबाजूला हजारो किल्ल्या, तो आवाज टाळ्यांसारखा नसतो, पत्र्यावर पाऊस सुरू होतो तसा असतो. मग आमचा टचडाऊन झाला, ४१-३०, आणि त्यानंतर त्यांचा बॉल आमच्या पोरानं पकडला आणि संपलं. शेजारच्या आजोबांनी मला मिठी मारली. आम्ही एकमेकांची नावंही विचारली नाहीत.

मॅचच्या मध्ये कधीतरी माईकवरनं आकडा सांगतात, आज किती माणसं आली, आणि आज अमेरिकेत फुटबॉल बघायला जमलेली सगळ्यात मोठी गर्दी तुम्ही आहात म्हणून आभार मानतात. त्या रात्रीचा आकडा १,१५,१०९. आजपर्यंत त्या स्टेडियमवर फुटबॉलला त्याच्यापेक्षा जास्त माणूस आलेला नाही. ८ नोव्हेंबर १९७५ नंतर तिथं एकही मॅच अशी झाली नव्हती की लाखाच्या आत माणूस आला. हरणाऱ्या वर्षांत पण, बर्फात पण. हे मला जिंकण्यापेक्षा मोठं वाटतं.

साडेबारा वाजले असतील, त्या आजींच्या घराकडं गेलो. सगळी गल्ली अंधारात आणि फक्त त्यांच्या पोर्चमधला दिवा चालू. खुर्चीवर माझी सॅक, वर एक टॉवेल झाकलेला, दव पडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी आबांना फोन केला आणि आकडा सांगितला. ते थोडा वेळ गप्प, मग म्हणाले, "लाखावर? एका जागंला? दिसत हुतं का मागच्यास्नी?" मी म्हटलं, "आबा, खासबागेसारखं खणलंय, सगळ्यांना दिसतंय." त्यांचा विश्वास बसला नाही, आणि तेव्हापासून दर शनिवारी आकडा सांगायचं ठरलं.

२०१५ च्या मे महिन्यात आईआबा माझ्या ग्रॅज्युएशनला आले. तो कार्यक्रम पण बिग हाऊसमध्येच होतो. याच मैदानावर २२ मे १९६४ ला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी पदवीदान समारंभात गरिबी आणि वंशभेद संपवायच्या 'ग्रेट सोसायटी'चं भाषण केलं होतं. मैदानावर आच्छादन घालून आमच्या खुर्च्या, आणि घरचे लोक वर बाकांवर. मी खाली गाऊन घालून बसलेलो आणि सारखा मागं वळून आईची हिरवी साडी शोधत होतो. सापडली. एवढ्या माणसांत सापडली, म्हणजे वरनं त्यांना मी पण दिसत असणार.

संपल्यावर वर गेलो तर आई फोटोसाठी घाई करत होती आणि आबा बाकावर वाकून काहीतरी मोजत होते. दोन नंबरांच्या मध्ये वीत टाकून. दोन विती पण धड भरेनात. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "एवढ्यात एक माणूस बसवत्यात व्हय?" मी म्हटलं, "हो, आणि तो चार तास बसत नाही, उभा असतो." मग ते बराच वेळ खाली बघत बसले. स्टेडियम रिकामं होत गेलं, आई म्हणाली चला आता, तरी उठेनात. शेवटी म्हणाले, "खासबागच हाय, पर एक कमी. माती न्हाई." मी सांगितलं की आधी खरं गवत होतं, मग नकली आलं, मग परत गवत, आणि २००३ पासून हे असं कायम नकली. आबांनी विचारलं, हात लावता येतो का? मी म्हटलं, नाही, मॅचला कुणाला खाली सोडत नाहीत. ते बरं म्हणाले.

शिकून झाल्यावर नोकरी मिशिगनमध्येच लागली, त्यामुळे मॅच सुटल्या नाहीत, आणि आबांचा शनिवारचा आकडा पण नाही. फक्त २०२० ला कोरोनामुळं प्रेक्षकच आत सोडले नाहीत. त्या वर्षी पहिल्या मॅचच्या दिवशी आबांनी फोन करून विचारलं, "आज किती?" मी म्हटलं, शून्य. पुढं दोघांनाही काही बोलता आलं नाही.

आणि मग २७ नोव्हेंबर २०२१. समोर ओहायो स्टेट, आणि त्यांना २०११ नंतर आम्ही एकदाही हरवलेलं नव्हतं. म्हणजे मी आल्यापासून एकदाही नाही. बर्फ पडत होता, बाकावर साचलेला बर्फ हातानं बाजूला करून उभे होतो. ४२-२७. शेवटची शिट्टी झाली आणि माणसं मैदानाकडं उतरायला लागली, एक ओळ, दुसरी, मग अख्खी परातच खाली कलंडल्यासारखी. मी पण उतरलो. आठ वर्षं जे वरनं बघितलं त्यावर उभा राहिलो, आणि खालनं वर बघितलं तर सगळीकडं माणसं आणि त्यांच्यावरनं बर्फ.

बाहेर पडून नेटवर्क आलं तेव्हा कोल्हापुरात रात्रीचे अडीच वाजून गेले होते. आबांनी पहिल्या रिंगला उचलला. "किती?"

"एक लाख अकरा हजार एकशे छप्पन्न. आबा, मी खाली गेलो होतो, मैदानात."

"हात लावलास?"

मी बर्फ बाजूला करून हात लावला होता, आणि तळहाताला बारीक काळे दाणे चिकटून आले होते, नकली गवताच्या मुळाशी रबराचे दाणे भरलेले असतात ते. बोलताना पण ते हाताला होतेच. मी तसं सांगितलं, माती नाही आबा, रबर आहे.

"आसूदे," आबा म्हणाले. "कपाळाला लावलंस का?"

मी म्हटलं, लावतो. आणि तिथंच स्टेट स्ट्रीटवर उभा राहून लावलं.